बालवाडीचा सांगावा

पूर्वी गावात काही कळवायचे असले म्हणजे दवंडी पिटत. उद्या चावडीवर सभा आहे. नदीला पूर येणार आहे, गुरे आवरा. डफावर थाप पडली की माणसे हातातले काम टाकून दाराशी येत. सांगावा वेळेवर कळला म्हणजे माणसाला तयारी करता येते. पूर येऊन गेल्यावर दवंडी पिटली तर तिचा काय उपयोग?

रोगाच्या साथीचेही असेच आहे. लहान मुलांच्या साथीचे तर फारच.

आपल्या गावात बालवाडी असते. बहुतेक ठिकाणी तिला आता अंगणवाडी म्हणतात. वीस-पंचवीस पोरे तिथे रोज जमतात. एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसतात. एकमेकांच्या गळ्यात हात घालतात. एकाने तोंडात घातलेले खेळणे दुसरा तोंडात घालतो. दुपारी हीच पोरे वीस-पंचवीस घरांत परत जातात. त्या घरांत पाळण्यात तान्हे असते. पोटुशी सून असते. दमेकरी आजोबा असतात. म्हणजे बालवाडीत एका पोराला रोग लागला, तर तो किती उंबरठ्यांशी जाऊन उभा राहील, ते तुम्हीच मोजा.

मग एका मुलाला गोवर निघाला, तर बाकीच्या आईबापांना कोणी सांगायचे? केव्हा सांगायचे? आणि काय सांगायचे?

गोवर कसा चोरपावलांनी येतो

सगळ्या रोगांत गोवर फार लवकर पसरतो. म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ.

गोवर झालेले मूल खोकते, शिंकते. त्याच्या श्वासातून रोगाचे विषाणू हवेत जातात. विषाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे रोगाचे बीज. मूल खोलीतून उठून गेले, तरी हे बीज २ तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकते. ज्यांना गोवर झालेला नाही आणि लसही टोचलेली नाही, अशी १० माणसे त्या मुलाजवळ आली, तर त्यांतल्या ९ जणांना लागण होऊ शकते.

पण खरी गोम पुढेच आहे. गोवराचे पुरळ उठते, तेव्हा आपण म्हणतो, 'आज गोवर आला.' तो आज आलेला नसतो. लागण होऊन तोवर साधारण १४ दिवस झालेले असतात. पहिले आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही. मूल हसते, खेळते, जेवते. मग ताप येतो. नाक गळते, खोकला येतो, डोळे लाल होतात. आई म्हणते, 'सर्दी झाली आहे, जाईल.' तीन-चार दिवसांनी कानामागे आणि तोंडावर पुरळ उठते आणि मग ते अंगभर उतरते.

आता हे ध्यानात ठेवा. पुरळ उठण्याच्या आधी ४ दिवस आणि नंतर ४ दिवस ते मूल दुसऱ्यांना रोग देत असते. म्हणजे गुरुवारी पुरळ उठले, तर सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन दिवस ते बालवाडीत बसून रोग वाटतच होते. त्यात त्या पोराचा काय दोष? आईचाही नाही. तिला कसे कळणार?

तुम्ही म्हणाल, 'मग रोग वाटून झाला. आता सांगून काय फायदा?'

फायदा आहे, आणि मोठा आहे. लागण झाली म्हणजे लगेच रोग होत नाही. मधे दहा दिवस असतात. हे दहा दिवस आपल्या हातातले. गोवराची लस राहिली असेल, तर संबंध आल्यापासून ३ दिवसांच्या आत ती टोचली तर पुष्कळदा रोग टळतो, किंवा आला तरी हलका येतो. तीन दिवस गेले तरी लस वाया जात नाही, पुढच्या वेळेला ती कामी येते. पण या तीन दिवसांतला एकेक दिवस मोलाचा आहे. म्हणून गुरुवारी पुरळ दिसले, तर सांगावा गुरुवारीच निघाला पाहिजे. सोमवारी आठवड्याच्या बाजाराला सगळे भेटतील, तेव्हा सांगू, असे म्हणून चालत नाही.

नुसता पुरळच ना, असे समजू नका

'गोवर काय, सगळ्या पोरांना येतो. आम्हालाही आला होता. मेलो का आम्ही?' असे पुष्कळ माणसे म्हणतात. जी वाचली, तीच हे म्हणायला उरली. गेली ती कशी बोलणार?

गोवराने मुले दगावतात ती पुरळाने नव्हे, त्याच्या मागून जे येते त्याने. फुप्फुसाला सूज येते, म्हणजे न्युमोनिया होतो. जुलाब लागतात. कान फुटतो. क्वचित मेंदूला सूज येते. मुलाच्या अंगात अ जीवनसत्त्व कमी असेल, तर डोळे जाऊ शकतात. शिवाय गोवर बरा झाला तरी पुढे कित्येक महिने मुलाच्या अंगातली रोगाशी झुंजण्याची ताकद कमी राहते. दुसरे रोग त्याला लवकर धरतात. आधीच खंगलेल्या मुलाला हे सोसत नाही.

ही जुनी गोष्ट नाही. २०२२ साली मुंबईत गोवंडीच्या वस्तीत, तसेच भिवंडी आणि मालेगावला गोवराची साथ आली. मुले दगावली. लशीचे डोस राहून गेलेली मुले तिथे पुष्कळ होती. त्या वेळी साथीच्या भागातल्या ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना एक जादा डोस देण्याचे ठरले. जिथे फार लहान बाळांनाही गोवर होत होता, तिथे ६ महिन्यांच्या बाळालाही टोचायचे ठरले.

एरवी गोवराची लस केव्हा टोचतात? पहिला डोस ९ महिने भरल्यावर, वर्ष पुरे होण्याच्या आत. दुसरा १६ ते २४ महिन्यांत. या लशीत गोवर आणि रुबेला अशा दोन रोगांवरचे औषध एकत्र असते. डोस राहिला असेल तर ५ वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यात फुकट देतात. एक डोस झाला म्हणून थांबू नये. दुसरा हवाच.

आता पाळण्यातल्या बाळाचा विचार करा. ते ५ महिन्यांचे आहे. त्याची लशीची वेळ अजून आलेली नाही. त्याला सांभाळायचे ते घरच्यांनी. त्याचा ४ वर्षांचा भाऊ बालवाडीत जातो. भावाला ताप आला आणि आईला आधीच सांगावा मिळालेला असला, तर ती त्या दिवशी भावाला बाळापासून दूर निजवील. सांगावा नसेल, तर सर्दी समजून दोघांना एकाच गोधडीत घेईल. फरक एवढाच, आणि तो केवढा!

लपवालपव का होते

इतके असून लोक रोग लपवतात. का लपवतात, हे समजून घेतले पाहिजे. नुसते रागावून भागत नाही.

एका गावी बालवाडीच्या बाई सांगावा लिहायला बसल्या, तेव्हा एक बाप म्हणाला, "बाई, आमच्या पोराचा रोग साऱ्या गावाला कशापायी सांगता? लोक आम्हाला नावं ठेवतील."

बाई म्हणाल्या, "दादा, नाव कोण सांगतंय? एका मुलाला गोवर आहे, एवढंच लिहिते. कोणाच्या, ते नाही लिहीत."

"गावात काय लपतंय व्हय?"

"लपणार नाही, खरं आहे. पण माझ्या तोंडून नाव जाणार नाही. आणि उद्या दुसऱ्याच्या घरी आला, तर त्याचंही नाव मी तुम्हाला सांगणार नाही."

बाईंचे हे उत्तर मला पटते. सांगाव्यात रोगाचे नाव असावे, मुलाचे नसावे. सांगावा म्हणजे तक्रार नव्हे. फोनवरून निरोप पाठवता, तेव्हाही हे पाळा. पुरळ उठलेल्या पोराचा फोटो काढून गावभर पाठवणे ही माणुसकी नव्हे.

लपवण्याचे दुसरे कारण म्हणजे भीती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ साली पुण्यात पसरला. तेव्हा इंग्रज सरकारने पुण्यात घरोघर झडती घ्यायला सोल्जर पाठवले. ते देवघरात, स्वयंपाकघरात शिरत, बायाबापड्यांना बाहेर काढत. मग लोकांनी काय केले? आजारी माणसे लपवली. सांगितले की शिक्षा होते असे कळले, म्हणजे कोणी सांगत नाही. बालवाडीतही तेच. ज्या आईने मोकळ्या मनाने येऊन सांगितले, तिलाच चार बायांदेखत बोल लावला, तर पुढच्या खेपेला ती गप्प बसेल. दुसरीही तिच्याकडे पाहून गप्प बसेल.

तिसरे कारण देवाधर्माचे. आजी म्हणते, "गोवर म्हणजे देवीचा कोप. त्याचं नाव काढू नये." आजीला उलट बोलू नका. तिला एवढेच विचारा, "आजी, जुन्या काळी घरात असं कुणी निजलं, तर दाराला लिंबाचा डहाळा का बांधायचे?" तो डहाळा पाहिला की परका माणूस उंबरठा ओलांडत नसे. म्हणजे जुनी माणसेही सांगावा देतच होती, फक्त कागदावर नव्हे. आजीने डहाळा जरूर बांधावा. पण नातवाला दवाखान्यातही न्यावे. गोवर झालेल्या मुलाला डॉक्टर लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाचा डोस देतात. त्याने डोळे आणि जीव, दोन्ही सांभाळले जातात. ते काम डहाळ्याने होत नाही.

आणि चौथे कारण पोटाचे. ते सगळ्यांत खरे. "ताई, पोर घरी ठेवलं तर माझा रोज बुडतो. संध्याकाळी चूल कशावर पेटवू?" या प्रश्नाला उपदेशाचे उत्तर नाही. काही वाट मात्र काढता येते. ज्याला एकदा गोवर होऊन गेला, त्याला सहसा तो पुन्हा होत नाही. तेव्हा घरातल्या किंवा शेजारच्या अशा मोठ्या माणसाकडे पोर दिवसभर ठेवता येते. आळीतल्या दोघी-तिघींनी पाळी लावून घेतली, तर कुणा एकीचेच सगळे रोज बुडत नाहीत. बचतगट असेल तर तिथे हा विषय आधीच काढून ठेवावा. साथ दाराशी आल्यावर नव्हे.

सांगावा कसा असावा

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तेव्हा बालवाडीची चिठ्ठी शेजारच्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यायची गरज नाही. अशी चिठ्ठी आली, तर ती स्वतः वाचा.

"पालकांस कळवते की, आपल्या बालवाडीतल्या एका मुलाला गोवर असावा असे डॉक्टर म्हणतात. ते मूल बुधवारपर्यंत बालवाडीत येत होते. आपल्या मुलाचे लशीचे कार्ड उद्या सकाळी घेऊन या. लस राहिली असेल तर उद्याच उपकेंद्रात टोचून घ्या. पुढचे ३ आठवडे मुलाकडे लक्ष ठेवा. ताप, खोकला, गळके नाक, लाल डोळे असे दिसले, तर मुलाला बालवाडीत पाठवू नका आणि मला कळवा. घरात ९ महिन्यांच्या आतले बाळ किंवा गरोदर बाई असेल, तर आजच नर्सबाईंना सांगा. — बालवाडीच्या बाई"

लहानच चिठ्ठी आहे. पण तिच्यात रोगाचे नाव आहे, शेवटचा दिवस आहे, काय करायचे ते आहे आणि किती दिवस लक्ष ठेवायचे तेही आहे. 'गोवर असावा' असे लिहिले आहे, तेही बरोबर. रक्त तपासायला पाठवले की उत्तर यायला काही दिवस लागतात. उत्तराची वाट पाहत बसले, तर ते मोलाचे तीन दिवस निघून जातील. पुढे साधेच पुरळ निघाले, तर दुसरी चिठ्ठी पाठवून तसे सांगता येते. त्याने कोणाचे काही बिघडत नाही.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या घरी मदतनीसबाईंनी किंवा आशाताईंनी जाऊन तोंडी सांगावे. फोनवरचा निरोप चांगला. पण ज्या घरी फोन नाही, नेमके त्याच घरी लस राहिलेली असण्याचा संभव असतो.

सांगावा एकाच बाजूने जाऊन भागत नाही. पालकांनीही बालवाडीला कळवले पाहिजे. चार ओळी पुरेत. लिहून पाहा.

"बाईंस नमस्कार. माझ्या मुलीला काल रात्रीपासून ताप आहे. डोळे लाल आहेत. अंगावर पुरळ नाही. आज तिला पाठवत नाही. दवाखान्यात नेतो आणि डॉक्टर काय म्हणतात ते कळवतो. — मुलीचे वडील"

ही अशी दोन्हीकडची ये-जा नवी नाही. बोर्डी गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. तिथे १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी चालवायला घेतली. पुढे हे काम कोसबाडला गेले. पाड्यावरची मुले वाडीत येईनात, तेव्हा बाईच पाड्यावर गेल्या आणि वाडी घराच्या अंगणात भरू लागली. अंगणात वाडी भरली, म्हणजे घरातले बाईंना दिसते आणि वाडीतले आईला दिसते. चिठ्ठी लागतच नाही. १९७५ सालच्या २ ऑक्टोबरपासून सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. आता बहुतेक ठिकाणी तिला भिंती आहेत, दार आहे. म्हणून आठवणीने कळवावे लागते.

दुसरे रोगही आहेत

कांजिण्या सगळ्यांना माहीत आहेत. पाण्याने भरलेले फोड येतात आणि फार खाजतात. फोड येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून हा रोग दुसऱ्याला लागतो. सगळ्या फोडांवर खपली धरली, म्हणजे मूल परत बालवाडीत यायला हरकत नाही. मुलाची नखे कापा. तापाला अ‍ॅस्पिरिनची गोळी देऊ नका, ती लहान मुलांना घातक ठरू शकते. गावात कांजिण्यांनाही कोणी देवी म्हणतात, पण खऱ्या देवीचा रोग जगातून गेला. भारतात त्याचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला.

गालगुंडात गाल सुजतो. सूज आल्यापासून ५ दिवस मूल घरी ठेवावे. डोळे आले असतील, तर चिपडे येणे थांबेपर्यंत घरी ठेवा आणि त्याचा पंचा वेगळा करा. जुलाब थांबल्यावर आणखी २ दिवस मुलाला पाठवू नये. जुलाबात क्षारसंजीवनीचे पाणी पाजत राहावे आणि दवाखान्यातून मिळणाऱ्या जस्ताच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात. जुलाब दोन दिवसांत थांबले, तरी गोळ्या थांबवू नयेत. खरजेला मात्र एकट्या मुलावर औषध लावून उपयोग नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचे. खाज सुटायला पहिल्या खेपेला कित्येक आठवडे लागतात. म्हणून 'मला खाज नाही' असे म्हणणाऱ्यानेही लावायचे.

डांग्या खोकला आणि घटसर्प आता कमी दिसतात, कारण लहानपणीच लस टोचतात. पण ते गेलेले नाहीत. मूल खोकून खोकून निळे पडत असेल, किंवा घशात पांढुरका पडदा दिसून मान सुजली असेल, तर चिठ्ठी नंतर लिहा. आधी दवाखाना गाठा.

गरोदर बाईचे वेगळे सांगतो. रुबेला हा गोवरासारखाच पण हलका दिसणारा रोग. मुलाला त्याचा फारसा त्रास होत नाही. पण गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तो आईला झाला, तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय यांत कायमचा दोष राहू शकतो. आणि गरोदरपणात ही लस टोचत नाहीत. तेव्हा तिला वेळेवर कळणे हाच तिचा बचाव. गावात पुरळाची साथ आहे असे कळताच तिने त्या घरी जाऊ नये. जाऊन आली असेल, तर डॉक्टरांना सांगावे.

बाईंनाही एक सांगणे आहे. प्रत्येक शेंबड्या पोराला घरी पाठवू नये. साध्या सर्दीला दार बंद केले, तर आया खरी दुखणी लपवू लागतील. ताप आहे का, पुरळ आहे का, डोळे लाल आहेत का, मूल मलूल आहे का, हे पाहून ठरवावे. पण गावात गोवराची साथ असेल, त्या दिवसांत मात्र साध्या तापालाही घरीच ठेवावे.

घरी असलेल्या मुलाला उपाशी ठेवू नका. अंगावरचे दूध तोडू नका. पातळ खिमट, पेज, वरण थोडे थोडे देत राहा. मूल पाणीही पिईना, धापा टाकू लागले, छाती आत ओढू लागले, झटके आले किंवा हाक मारली तरी जागे होईना, तर वेळ काढू नका. १०८ नंबरला फोन करा. गाडी येते आणि पैसे पडत नाहीत.

गोवराचे मूल पुरळ उठल्यापासून ४ दिवस तरी घरी ठेवावे. मग ताप उतरला आणि ते खाऊ-खेळू लागले, म्हणजे परत पाठवावे. अंगावर काळसर डाग राहिलेले असतात. ते पाहून दुसऱ्या आया आपली पोरे बाजूला ओढतात. त्या डागांनी रोग लागत नाही. हेही बाईंनी सांगाव्यात लिहावे. शेवटच्या मुलाला पुरळ उठल्यापासून ४२ दिवस नवा रोगी निघाला नाही, म्हणजे साथ संपली असे धरतात. त्या दिवशी बाईंनी आणखी एक चिठ्ठी पाठवावी. तिच्यात एवढेच असावे की आता साथ नाही, सगळ्या मुलांना पाठवा.